पाखरं राखणं आणि पाखरं पाहणं

हौशी : वहिनी, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा ज्या घरात आहेत, तिथं दोघांना एकत्र बसवील असं काम सापडणं किती अवघड, हे तुम्हाला सांगायला नको. अभ्यासात ताई पुढं जाते, खेळात धाकटा रडतो, आणि टीव्हीपुढं दोघं शेजारी बसले तरी एकमेकांजवळ नसतात. गेल्या वर्षभरात मला एकच गोष्ट अशी दिसली, जिथं वय आड येत नाही. गॅलरीतून पक्षी पाहायचा आणि वहीत काढायचा. पक्षी कुणासाठी थांबत नाही, मोठीसाठी नाही आणि धाकट्यासाठीही नाही. शिंपी जास्वंदीवर येऊन शेपटी उडवून गेला, तर तेवढाच वेळ दोघांनाही मिळतो. मग ज्याच्या नजरेत जे राहिलं ते कागदावर उतरतं. बुलबुल, साळुंकी, होला, दयाळ, तांबट, शिंजीर, भारद्वाज एवढे पक्षी त्यांनी सोसायटीच्या आवारातच ओळखलेत. आता हिवाळ्यात त्यांना नांदूरमध्यमेश्वरला न्यायचं माझ्या मनात आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे, २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झालं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरची. तासा-सव्वा तासाच्या वाटेवर रोहित, क्रौंच, चक्रवाक उतरतात आणि आपल्या मुलांनी ते पाहिलेले नाहीत, हे मला बरं वाटत नाही.

साशंक : भाऊजी, खुशाल न्या, मी अडवत नाही. पण यामुळं मुलं पक्ष्यांच्या जवळ येतात असं तुम्ही वरचेवर म्हणता, ते मला पटत नाही. का पटत नाही ते सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. बागा येण्याआधी आमच्या मळ्यात बाजरी असायची. कणसात दाणा भरला की शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर मी आणि माझा भाऊ माळ्यावर चढायचो. गोफण त्याच्या हातात, पत्र्याचा डबा माझ्या हातात. आम्ही पाखरं राखायचो. विहिरीवरच्या बाभळीतून सुगरणींचा थवा केव्हा उठणार, तो आधी बांधावर टेकणार की थेट कणसावर, पोपट आले तर खातील त्याहून जास्त नासाडी कशी करतील, हे आम्हाला पाठ होतं. पाठ नसतं तर रात्री बोलणी बसली असती. सुगरणीच्या नरानं अर्धं विणून सोडून दिलेलं घरटं वाऱ्यानं खाली पडलं की भाऊ ते टोपीसारखं डोक्यावर घालायचा आणि मी त्यातली एकेक पाती सोडवून ती कशी गुंफली ते बघत बसायचे. त्याला कुणी कला म्हटलं नाही, निसर्गशिक्षणही म्हटलं नाही. आपल्या मुलांना पक्ष्यांची नावं येतात, आम्हाला त्यांच्या सवयी ठाऊक होत्या. ज्याचं धान्य पाखरू खात नाही त्यालाच ते निवांतपणे पाहता येतं. हा निवांतपणा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला जवळीक म्हणू नका, एवढंच म्हणते.

हौशी : तुम्ही सांगितलंत ते ज्ञान अस्सल होतं, यात मला शंका नाही. पण ते टिकलं का? बाजरी गेली, तिथं द्राक्षं आली, आणि तुमच्या भावाच्या मुलांना बाभळीवरचा थवा केव्हा उठतो ते आज सांगता येईल का? पोटाशी बांधलेलं ज्ञान पीक बदललं की संपतं. त्याची दुसरी मर्यादा मला जास्त मोठी वाटते. जो पक्षी दाणे खात नाही आणि अडचणही करत नाही, तो त्या नजरेला दिसतच नाही. हिवाळ्यात तुमच्या मळ्याच्या पाटाकडेला धोबी येत असणारच, शेपटी वरखाली करत. तो कुठून येतो, केव्हा जातो, हे माळ्यावरून कुणी पाहिलं होतं?

गिधाडांचं उदाहरण घ्या. गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, हे तुमच्या पिढीनं लहानपणी पाहिलंय. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा-वीस वर्षांत शंभरातली नव्याण्णव गेली. ज्यांची गुरं होती, ज्यांचं गाव ती साफ ठेवत होती, त्यांचा संबंध सगळ्यात जवळचा. तरी ही घट आधी नोंदली गेली ती भरतपूरच्या केवलादेव उद्यानात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथं घरटी मोजत होते, वर्षामागून वर्ष, म्हणून आकडा कोसळलेला दिसला. पुढं २००४ मध्ये कारण कळलं. गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आज अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची थोडी गिधाडं उरलीत, ती पाहायला लोक मुद्दाम जातात. नुसतं पाहणारा, मोजणारा, वहीत लिहिणारा माणूस नसता तर हे कळायला आणखी किती उशीर झाला असता?

(इथं लेखकानं एकदाच मध्ये बोलावं असं वाटतं. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना गिधाडं दिसेनाशी झाल्याचं कळलं होतंच. पण ते त्यांनी सांगावं कुणाला, आणि ऐकणाऱ्यानं लिहावं कशात, याची सोय नव्हती. वही आणि माळा या दोन गोष्टी कधी एकत्र आल्या नाहीत, हे आपल्याकडचं मोठं नुकसान आहे.)

साशंक : गिधाडांचं मान्य. पण तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत त्यांनी एकाच जागी वर्षानुवर्षं काम केलं. आपण एका रविवारी गाडी काढणार, पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर रांग लावणार, दुपारी येताना मिसळ खाणार. याची त्या कामाशी बरोबरी कशी करता? मला खरी धास्ती आहे ती 'प्रोजेक्ट' या प्रकाराची. शाळेतलं प्रोजेक्ट घरात कसं होतं ते तुम्हाला माहीत नाही, कारण ते रात्री नऊनंतर होतं. मुलगा सांगतो की उद्या 'आपले पक्षी' द्यायचंय. मग चार्ट पेपर, चकाकी, डिंक, थर्माकोलचं घरटं, दुकानात तयार मिळणारी चित्रं. कापायला आई, चिकटवायला आई, आणि अक्षरसुद्धा आईचंच, फक्त थोडं वाकडं काढलेलं, मुलानं लिहिलंय असं दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर लागतं आणि महिन्याभरानं कचऱ्यात जातं. त्या थर्माकोलच्या घरट्यात कुठलीच चिमणी राहत नाही.

आणि तुमच्या वहीचं तेच व्हायला लागलंय. परवा धाकट्यानं विचारलं, 'काका, ताईचे किती झाले? माझे किती?' पक्षी आता त्याच्या हिशेबात जमा होतो. रविवारी रात्री रंग सांडलेली चादर धुते मी, ब्रश धुते मी, चिखलाचे बूट धुते मी. मुलांना निसर्ग दिला की त्याच्यामागची धुणीभांडी कुणाच्या तरी वाट्याला जातात, आणि त्या माणसाचा रविवार जातो. हेही या उपक्रमातच धरा.

हौशी : धुण्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याला युक्तिवादानं उत्तर नाही. ते हातानं करायचं काम आहे, मी करायचं. पण चार्टवरचं प्रोजेक्ट आणि वहीतलं चित्र एक नाही. चार्टचा शेवट आधीच ठरलेला असतो. काय दिसायला हवं ते मुलाला आणि आईला, दोघांनाही माहीत असतं. वहीत काय येणार ते पक्षी बसेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, म्हणून गेल्या नोव्हेंबरातलं सांगतो.

जास्वंदीवर शिंजीर आला होता. दोघांनी पाहिला, मग चित्रं काढली. ताईनं आत जाऊन पुस्तक उघडलं आणि गर्द निळा-जांभळा, उन्हात झळाळणारा नर काढला. सुरेख काढला. धाकट्यानं काढला पिवळट, मळकट पक्षी आणि त्याच्या गळ्यापासून छातीपर्यंत एक जाड काळी रेघ. ताई म्हणाली, चुकलंय. असा शिंजीर नसतो, पुस्तकात बघ. तो म्हणाला, रेघ होती. दोन दिवस भांडण चाललं. जेवताना 'रेघ होती', आंघोळीला जाताना 'रेघ नव्हती'. शेवटी आम्ही पुस्तकातला मजकूर वाचला. विणीचा हंगाम सरला की जांभळा शिंजीर झळाळी टाकतो, मादीसारखा फिका होतो, आणि त्याच्या छातीवर मधोमध काळा पट्टा तेवढा उरतो. धाकट्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं पाहिलं ते काढलं. ताईनं जे असायला हवं ते काढलं. चित्र काढायचं नसतं, नुसतं नाव सांगायचं असतं, तर दोघांनीही 'शिंजीर' म्हटलं असतं आणि विषय संपला असता. रेघेवरून भांडता आलं ते रेघ काढावी लागली म्हणून.

साशंक : आणि पुढं? तुम्ही पुढचं सांगत नाही. ताईनं त्यानंतर कितीतरी दिवस वही उघडली नाही. धाकट्याला तुम्ही खांद्यावर घेऊन घरभर फिरवलंत. तिच्या जागी उभं राहून बघा. घरातल्या मोठ्या मुलीला बरोबर असण्याचं काम आपणच लावून दिलेलं असतं. धाकट्याला शिकव, त्याचं चुकलं तर सांग, त्याच्यासमोर नीट वाग. तिनं पुस्तक उघडलं ते आळसानं नव्हे. खात्री करून घ्यावी असं आपणच तिला शिकवलं. आणि ज्या दिवशी तिची खात्री खोटी ठरली त्या दिवशी टाळ्या वाजल्या धाकट्यासाठी. या कामात वय आड येत नाही असं तुम्ही सुरुवातीला म्हणालात. वय आलंच की. सहा वर्षांच्या मुलाला काहीच माहीत नसतं म्हणून तो मोकळेपणानं पाहतो. दहाव्या वर्षी थोडं माहीत झालेलं असतं आणि चुकण्याची लाज वाटायला लागलेली असते. दोघांना एकच वही, एकच पक्षी दिला म्हणून दोघांचं काम सारखं झालं नाही.

हौशी : हे मी असं पाहिलं नव्हतं. पण मग तिच्यासाठी काय करायचं? पुस्तक काढून घ्यायचं? ते मला पटणार नाही, कारण पुस्तक नसतं तर धाकट्याचं बरोबर आहे हे तरी कसं कळलं असतं? मला वाटतं, क्रम महत्त्वाचा आहे. आधी पक्षी, मग चित्र, मग पुस्तक. दोन-तीन वर्षांत ताई एलिमेंटरीची तयारी करील, पुढं इंटरमिजिएट. त्या परीक्षांत स्मरणचित्र असतंच. पक्षी उडून गेल्यावर काढलेलं चित्र म्हणजे स्मरणचित्रच, फक्त इथं विषय आपण ठरवत नाही.

जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरनं सायबेरियन क्रौंचाचं चित्र काढलं, चारशे वर्षांपूर्वी. तोच क्रौंच भरतपूरला दर हिवाळ्यात यायचा. २००२ नंतर तो तिथं आला नाही. आज आपल्या मुलांना तो भारतात पाहायचा असेल तर चित्रातच पाहावा लागेल. कुणीतरी पिसाचा रंग, पायाचा रंग, डोळ्याभोवतीची कातडी नीट पाहिली म्हणून तो पक्षी तेवढा तरी उरला. हे काम फक्त दरबारी चित्रकारानंच करायचं असं कुठं आहे?

साशंक : मन्सूरला त्याच कामाचा पगार होता, भाऊजी. पूर्ण वेळ, पूर्ण हयात. मुलांच्या वहीवर एवढं ओझं टाकू नका. पण तुमचा क्रम मला मान्य आहे, आणि म्हणूनच फोनचं काय ते सांगा. ताईच्या हातातल्या फोनवर मर्लिन हे पक्षी ओळखणारं ॲप आहे. गॅलरीत फोन धरला की ते आवाज ऐकून क्षणात नाव दाखवतं. तुमचा आधी पक्षी, मग चित्र, मग पुस्तक हा क्रम तिथं पहिल्याच पायरीला मोडतो.

हौशी : म्हणूनच मला फोन नको. आवाज आला की आधी शोधायचं. तांबट किती वेळ टुक्-टुक् करत असतो आणि पानांत दिसतच नाही. त्या शोधात मूल जेवढं झाड पाहतं तेवढं एरवी पाहत नाही. फोननं नाव सांगितलं की शोध संपला.

साशंक : इथं मात्र मी फोनच्या बाजूची आहे. आपल्या मुलांना काका आहे. काकाकडं दुर्बीण आहे, जाडजूड पुस्तक आहे, रविवार मोकळा आहे. माझ्या भावाच्या मुलाकडं यातलं काही नाही, पण घरात एक फोन आहे. त्याला बांधावर दिसलेल्या पाखराचं नाव विचारायला दुसरं कुणी नाही. तुमचा जो क्रम आहे तो ज्याच्याकडं शिकवणारा माणूस आहे त्याचा. सलीम अलींची गोष्ट मुलांना तुम्हीच सांगता ना? लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामानं त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथले मिलार्डसाहेब त्या पोराला पेंढा भरलेले पक्षी खणांतून काढून दाखवत राहिले. त्या गोष्टीत बंदूकही आहे, हे तुम्ही पटकन सांगून पुढं जाता. पिवळा डाग त्यांना दिसला तो पक्षी हातात आल्यावर, आणि हातात आला तो मारल्यावर. आमच्या गोफणीचं आणि त्या बंदुकीचं नातं आहे. पाखराशी काहीतरी देणंघेणं असल्याशिवाय ते नीट दिसत नाही, असं मला अजूनही वाटतं.

हौशी : त्याच गोष्टीत मिलार्डही आहेत, आणि तुम्ही त्यांच्यावरून पटकन पुढं जाता आहात. बंदुका तेव्हा पुष्कळ मुलांकडं होत्या. खण उघडून दाखवणारा माणूस एखाद्यालाच भेटला. आणि देणंघेणं म्हणजे मारणं किंवा हाकलणं एवढंच का? माझ्या पुतण्याचं त्या काळ्या रेघेशी दोन दिवस देणंघेणं होतं. तिच्यासाठी तो ताईशी भांडला. हे देणंघेणं खोटं आहे असं तुम्ही कसं म्हणाल?

साशंक : खोटं म्हणत नाही. पण त्याची किंमत अजून त्याला कुठं द्यावी लागली आहे? संक्रांतीला बघू. नाशिकमध्ये त्या दिवशी गच्च्या भरलेल्या असतात, येवल्यात तर तीन दिवस पतंगांचेच. पतंग ताईच्या हातात, चक्री धाकट्याच्या हातात, हे त्यांचं आवडतं काम. दोघं वर्षभरात एवढं जुळवून दुसरं काहीच करत नाहीत. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी दर वर्षी पंख कापलेल्या घारी, बगळे, कबुतरं झाडांवर लटकलेली सापडतात. आपल्या घरात नायलॉन येत नाही, ठीक. पण साध्या सुती मांजालाही काच लावलेली असतेच, आणि पहाटे नि तिन्हीसांजेला पक्षी घरट्यातून निघताना-परतताना तो दोरा हवेत असतो. पक्ष्यांची वही काढणाऱ्या मुलांना आपण त्या दिवशी काय सांगणार? पतंगच उडवू नका?

हौशी : या वर्षी ताई आपणहून म्हणाली होती, की सूर्य उतरला की पतंग खाली घ्यायचा. धाकट्यानं आकांत केला, कारण त्याला तेव्हाच चक्री सोडून पहिल्यांदा पतंग मिळणार होता. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याची पाळी गेली, हेही बरोबर होतं. त्या दोघांत मी निवाडा केला नाही. करता आला नाही. पण एवढं सांगतो, वही नसती तर हा प्रश्न घरात निघालाच नसता.

साशंक : प्रश्न निघाला, हे मी मोठं मानते. ताईला त्यात काय पडलं असेल तेही मला कळतं. तिनं या वेळी पुस्तक पाहून सांगितलं नाही. आता तुमच्या नांदूरमध्यमेश्वरकडं येते. तिथं मुलांना काय सांगणार? निसर्गाचा ठेवा?

हौशी : खरं ते सांगणार. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांच्या काळात, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, बंधारा बांधला तो कालव्यांसाठी. पाणी कोपरगावाकडं जावं, शेतं भिजावीत म्हणून. दर पावसाळ्यात गोदेनं गाळ आणून टाकला. बंधाऱ्याची साठवण कमी होत गेली, पण त्या गाळाची बेटं झाली, उथळ डबकी झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाणपक्ष्यांना हवं तसं सगळं तयार झालं. कुणी पक्ष्यांसाठी काहीच केलं नव्हतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं ते त्यानंतर. त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. माणसानं एका कामासाठी केलेली गोष्ट त्या कामाला कमी पडत गेली आणि दुसऱ्याच जिवांच्या उपयोगी पडली, हे मुलांनी मनोऱ्यावर उभं राहून समजून घ्यावं असं मला वाटतं. तिथं चापडगावची मुलं दुर्बीण लावून पक्षी दाखवतात. वारकऱ्यांचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, थापट्या, आणि चोचीच्या टोकाला पिवळा नि बुडाशी लाल ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदक. ते धाकटा एकदा पाहून विसरणार नाही, त्याचे दोन रंग डबीत आधीच संपत आलेत.

साशंक : आता त्याच गाळाची दुसरी बाजू. गोदावरीला पूर आला की सायखेडा-चांदोरीत पाणी शिरतं. तिथल्या बाईनं घरातला चिखल उपसताना रोहित पाहावेत का? कालव्याचं आवर्तन सुटतं तेव्हा पाण्याची पातळी बदलते, उथळ चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडं जातात. ते पाणी पक्ष्यांसाठी धरून ठेवायचं की पिकाला जाऊ द्यायचं? आणि अभयारण्याच्या भोवती सगळीकडं काय आहे? द्राक्षं. मण्यांत पाणी उतरायला लागलं, गोडी भरायला लागली, की बुलबुल, साळुंक्या, भोरड्या बागेवर येतात. माझा भाऊ बागेवर जाळी टाकतो, चमकणाऱ्या पट्ट्या बांधतो, फटाके लावतो. आमच्या डब्याच्या जागी आता फटाके आले, बाकी राखण तीच. तुमच्या वहीतला बुलबुल आणि त्याच्या बागेतला बुलबुल वेगळा नाही. आपली मुलं मनोऱ्यावरून पक्षी बघतील, गाडीत बसतील, आणि येताना निफाडच्या रस्त्यावर द्राक्षं विकत घेऊन खातील. त्या द्राक्षांसाठी पाखरांना हाकललेलं असतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून म्हणते, पाहणं अपुरं आहे.

हौशी : आणि राखणंही अपुरं आहे, हे तुम्ही मघाशी गिधाडांच्या वेळी मान्य केलंत. तुमचं म्हणणं मला आता असं समजतं, की मुलांनी पक्षी जिथं सुंदर दिसतो तिथंच पाहू नये, तो जिथं कुणाच्या तरी ताटातलं खातो तिथंही पाहावा. यात मला काही खोटं दिसत नाही. पण मला भीती वाटते. सहा वर्षांचा मुलगा, ज्यानं गेल्या वर्षभर बुलबुलाच्या बुडाखालचा लाल रंग नीट लागावा म्हणून कागद फाटेस्तोवर घासला, त्याला जाळीत अडकून मेलेला बुलबुल दिसला तर? मामाची बाग वाईट, मामा वाईट, असं त्याच्या मनात बसलं तर? की उलट, बुलबुल म्हणजे नुकसान असं बसलं तर? दोन्हींतलं काहीही झालं तरी वहीचं काम संपलं.

साशंक : मला माहीत नाही काय होईल. मी लहानपणी गोफणीनं पाखरं मारली नाहीत असं सांगता येणार नाही, आणि सुगरणीच्या घरट्याची पाती सोडवत बसले तेव्हा मला त्याची चुटपुट लागली होती का तेही आठवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुलीनं केल्या. आपल्या मुलांना त्यांतली एकच करायला मिळावी, ही माझी तक्रार होती. पण मघापासून बोलताना मला एक जाणवलं. माझ्या भावाकडं वही नव्हती. चाळीस वर्षं तो त्याच जमिनीवर आहे. कोणता पक्षी कधी यायचा, कोणता यायचा थांबला, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही, आणि त्यातलं काही कुठं लिहिलेलं नाही. त्याला विचारायला तुम्ही कधी गेला नाहीत. मीही गेले नाही.

हौशी : मग ताईला नेऊ. चित्रं धाकट्याला काढू दे. ताईनं मामाजवळ बसावं, विचारावं आणि लिहावं. तिला खात्री करून घेण्याची सवय आहे म्हणालात ना, ती इथं कामाला येईल. मामा सांगेल ते पुस्तकात नसेल.

साशंक : आणि मामाचं चुकत असेल तर?

हौशी : तर ती सांगेल. त्याच्यासमोर सांगायची हिंमत तिला झाली तर.

साशंक : होईलच असं नाही. दहा वर्षांची मुलगी, समोर मामा, आणि मामाच्या घरी जेवायचंय. पण न्या. नांदूरमध्यमेश्वरला पहाटे पोचायचं असेल तर आदल्या रात्री आमच्याकडंच मुक्काम करा. फक्त नोव्हेंबरात नको. नोव्हेंबरात गोडी छाटणी होऊन थोडेच दिवस झालेले असतात, बागेत पक्ष्यांना खायला काही नसतं आणि भाऊ फवारणीच्या घाईत असतो. मण्यांत पाणी उतरतं ते डिसेंबरच्या शेवटी, जानेवारीत. क्रौंच आणि बदकं तेव्हाही धरणावर असतात. तेव्हा या, आणि दोन्ही मुलांना घेऊन या. चादरी या खेपेला तुम्ही धुवायच्या.